दोन झाकणं

“कोणाले तरास नाही देला जाताना,” माझ्या मागच्या रांगेतली बाई शेजारणीला हळूच सांगत होती. “चहा मांगतला, अन् चहा येईपर्यंत खलास.”

“पुण्यवान माणूस,” शेजारीण म्हणाली. “मुंगीलेही दुखवलं नसन.”

मामा, तुमच्या आदरांजली सभेत मी तिसऱ्या रांगेत, कूलरच्या बाजूला बसले होते. मागं वळून त्या बायकांची तोंडं पाहावीशी वाटली, पण वळले नाही. मी वळत नाही, मी बोलत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. त्याच भरवशावर तर तुम्ही निवांत गेलात.

समोर टेबलावर तुमचा फोटो होता. मामीनं नेमका तो निवडला होता, दुकानाच्या काउंटरमागचा, हातात जाड पुस्तक असलेला. त्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही, पानाकडे बघता. दारव्ह्यात कृषी केंद्र चालवणारे बरेच आहेत, पण खताच्या पोत्यावर रशियन कादंबरी ठेवणारे तुम्ही एकटेच, ही तुमची ख्याती. ती तुम्ही जपली, वाढवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. युरिया घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यालाही तुम्ही सांगायचात की माणसाला खरी शिक्षा कोर्टात होत नाही, आत होते. म्हातारा मान डोलवायचा आणि युरिया कधी येणार ते विचारायचा.

लोक माइकवर एकेक जण येऊन तुमच्याबद्दल बोलत होते. ते बोलले त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं. तुम्ही अडल्यानडल्याला दवाखान्यात नेलंत, पोरांच्या फॉर्मवर सह्या दिल्यात, कुणाशी मोठ्या आवाजात बोलला नाहीत. खोटं ऐकायला सोपं असतं. खऱ्याच्या ढिगाखाली एकच गोष्ट दाबून ठेवलेली असते, तेव्हा तो ढीग बघवत नाही.

कादंबरीपासून सुरू करते, कारण आपलं सगळं तिथूनच सुरू झालं.

मी पुसदला कॉन्व्हेंटमध्ये होते, वसतिगृहात. सुट्टीत फुलसावंगीला घरी जाण्याऐवजी तुमच्याकडे यायला मला आवडायचं. घरी कोणी ना कोणी म्हणायचंच, इंग्लिश बोलून दाखव. तुमच्याकडे कोणी काही बोलून दाखवायला सांगत नसे. तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला, बियाण्यांच्या खोक्यांच्या आडोशाला माझ्यासाठी एक खुर्ची टाकली होती. तिथून मला सगळं दिसायचं आणि मी कोणाला दिसत नसे. एखाद्या लाजऱ्या पोरीसाठी याहून चांगली जागा कोणी करू शकत नाही. त्या खुर्चीसाठी मी तुमची आजही आभारी आहे.

मला मराठी अडखळत वाचता यायचं. तुम्ही त्या कादंबरीच्या दोन प्रती आणल्यात, एक मराठी, एक इंग्रजी. तुम्ही मराठीतून मोठ्यानं वाचायचं, मी इंग्रजी पानावर बोट ठेवून मागं मागं यायचं. दोन सुट्ट्यांत माझी मराठी मोकळी झाली. हे मी लिहितेय ती मराठी तुम्ही दिलेली आहे. तुम्हाला नावं ठेवायलाही तुमचीच भाषा वापरावी लागतेय, याचा मला राग येतो आणि थोडं हसूही येतं.

गोष्ट तशी दोन ओळींची. एक हुशार विद्यार्थी डोक्यात ठरवतो की अमुक एक म्हातारी जगायच्या लायकीची नाही, आणि तिला कुऱ्हाडीनं मारतो. मग उरलेलं पुस्तकभर त्याला ताप येतो. तुम्हाला तो ताप फार आवडायचा. त्याची घुसमट, त्याचं भटकणं, स्वतःशी बडबडणं. शेवटाकडे तो भर चौकात गुडघे टेकून जमिनीला ओठ लावतो, ते पान वाचताना तुमचा आवाज दरवेळी फुटायचा. समोर सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलेले दोघं जण एकमेकांकडे बघायचे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. एकदाच तुम्हाला उलट विचारलं होतं. म्हातारीला मारल्यावर तिची बहीण अचानक घरात येते, आणि तो तिलाही मारतो. ती बिचारी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी विचारलं, की हा इतका झुरतो, पण या दुसरीसाठी का झुरत नाही? तिचं नावसुद्धा त्याच्या मनात क्वचितच का येतं?

तुम्ही हसलात. म्हणालात, “अरे, मुकी बोलली.” मग म्हणालात की लेखकाला पहिला खून महत्त्वाचा आहे, कारण त्यामागं विचार आहे. दुसरा नुसता घडला. मी म्हटलं, तिच्यासाठी पण नुसता घडला का? तुम्ही काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलंत आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे नामदेवभाऊ.

त्या वर्षी बोंडअळीनं सगळ्यांची झोप उडवली होती. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, आणि फवारणी करणाऱ्याला त्या उंच ओळींतून पंप पाठीवर घेऊन चालावं लागे, औषध वरून त्याच्याच तोंडावर यायचं. नामदेवभाऊ लोकांच्या वावरात फवारणी करायचे. ज्यांचं वावर होतं त्यांनी त्यांना तुमच्याकडे औषध आणायला पाठवलं होतं. तुमची पद्धत सगळ्या तालुक्याला माहीत होती. जुन्या कॅलेंडरची पानं तुम्ही कापून ठेवायचात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरसारखी चिठ्ठी लिहून द्यायचात. कोणतं औषध कशात मिसळायचं, आणि एका पंपाला किती झाकणं. माप म्हणजे झाकणच. घरोघरी तेच माप. लोक चिठ्ठी खिशात घडी घालून ठेवत, वही फाटली तरी चिठ्ठी फाटू देत नसत.

तुम्ही माझ्याशी बोलता बोलताच लिहिलंत. मान माझ्याकडे, पेन कागदावर. “विचार आणि घटना यांच्यात फरक असते,” असं काहीतरी मला समजावत होतात. नामदेवभाऊंनी डबा उचलून बघितला. तो नव्या कंपनीचा होता, नेहमीचा माल संपला होता.

“दादा, याचं झाकण मोठं दिसून राह्यलं,” ते म्हणाले.

तुम्ही डब्याकडे बघितलं नाहीत. “लिहिलं तेवढं टाक,” म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. “हां, तर ती दुसरी बाई.”

मला झाकण दिसत होतं. माझ्या खुर्चीवरून सगळं दिसायचं, हे मी वर लिहिलंच आहे. जुन्या झाकणाच्या जवळजवळ दुप्पट होतं. मला वाटलं, मामांना माहीत असेल. खरं सांगायचं तर एवढंही वाटलं नाही. मला इतकंच वाटलं की मी मध्ये बोलले तर ते दोघंही माझ्याकडे बघतील.

तिसऱ्या दिवशी नामदेवभाऊंना वावरातून उचलून यवतमाळला नेलं.

दवाखान्यातलं मला शेवंतावहिनीनं नंतर सांगितलं, त्यांच्या बायकोनं. डॉक्टर सारखे विचारत होते की कोणतं औषध होतं, कशात काय मिसळलं होतं. ज्यांचं वावर त्यांनी भीतीपोटी डबे आधीच कुठंतरी नेऊन टाकले होते. चिठ्ठी नामदेवभाऊंच्या शर्टाच्या खिशात होती. तुम्ही केळी घेऊन गेलात. वहिनीला म्हणालात, चिठ्ठी द्या, मी डॉक्टरले दाखवतो. वहिनीनं दिली. शिकलेला माणूस आला म्हणून तिला धीर आला होता. डॉक्टर त्यानंतरही दोन दिवस तेच विचारत राहिले.

नामदेवभाऊ वाचले. डोळे गेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि उन्हात माणूस समोर उभा राहिला तर सावलीसारखं काहीतरी. ते शुद्धीवर आल्यावर तुम्ही त्यांना सांगितलंत की चिठ्ठीवर एक झाकण लिहिलं होतं, तू दोन वाचलं. आणि ते त्यांनी मान्य केलं. शाळा तिसरीपर्यंत. समोर तुम्ही, जाड पुस्तकं वाचणारे. स्वतःच्या डोळ्यांनी दोन वाचल्याचं त्यांना आठवत होतं, पण ते डोळेच आता राहिले नव्हते.

तेव्हापासून त्यांच्या घरात ही गोष्ट म्हणीसारखी झाली. डाळीत मीठ जास्त पडलं तर शेवंतावहिनी म्हणते, “एक अन् दोन कळत नाही या घरात कोणाले.” ती वाईट बाई नाही. रोजानं कापूस वेचायला जाते, परत येऊन त्यांना आंघोळीचं पाणी काढून देते, आणि मधे एखादं वाक्य फेकते. नामदेवभाऊ ऐकून घेतात. एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, “बाई, माह्या हातानंच मी माहे डोळे फोडले. दुसऱ्याले काय म्हणू?”

मला तेव्हा झाकण आठवलं. त्यांनी विचारलेलं आठवलं. चिठ्ठीवर काय होतं ते मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी स्वतःला सांगितलं की मला नक्की माहीत नाही. नक्की माहीत नसणं ही फार सोयीची गोष्ट आहे, मामा. ती मी तुमच्याकडूनच शिकले असेन, किंवा आधीपासून येत असेल.

तुम्ही मात्र त्यानंतर बदललात. सगळे म्हणाले, दादा बदलले. पुढच्या हंगामापासून तुम्ही फवारणीचं औषध विकणं बंद केलंत, फक्त बियाणं आणि खत. विष विकणार नाही, असं म्हणालात, आणि गावानं हार घालायचाच बाकी ठेवला. दाढी वाढवलीत. चहातली साखर सोडलीत. उन्हाळ्यात चप्पल न घालता बाजारात जायला लागलात. कोणी विचारलं की डोळे खाली करून म्हणायचात, “असंच, मनाची शांती.” दरवर्षी नामदेवभाऊंकडे ज्वारीचं पोतं पाठवलंत. त्या पोत्याची गोष्ट पोत्याच्या आधी त्यांच्या गावात पोचायची.

मला वाईट वाटतं ते याचं की तुम्ही ढोंग करत नव्हतात. तुम्हाला खरंच झोप येत नसेल. खरंच घास गोड लागत नसेल. पण ते दुखणं तुम्ही पाळलंत, कुरवाळलंत, त्याला चांगलंचुंगलं खायला घातलंत. त्या विद्यार्थ्याचा ताप तुम्हाला हवा होता, तो मिळाला. पाच-सहा मैलांवर एक माणूस बाजेवर बसून तुमच्या वाटणीच्या शिव्या स्वतःला देत होता, आणि तुम्ही मनाची शांती शोधत अनवाणी फिरत होतात. पाय पोळले असतील. मला त्या पायांची कीव येत नाही.

तुमच्या शेवटच्या महिन्यात मी दारव्ह्याला आले होते, तेव्हा तुम्ही ती मराठी प्रत माझ्या हातात दिलीत. म्हणालात, “आता तुह्याकडे राहू दे. पुन्हा वाच.” परत जाताना जीपमध्ये, दोन बायकांच्या मध्ये चेंगरून बसले असताना, मी पुस्तक उघडलं. ते आपोआप त्या चौकाच्या पानावर उघडलं. तिथं कॅलेंडरच्या कागदाची घडी होती. तुमचं सुंदर अक्षर. औषधांची दोन नावं, आणि खाली, ‘एका पंपाला २ झाकणं’. दोनचा आकडा इतका स्वच्छ की आंधळ्यानंही बोट फिरवून ओळखावा.

घडीच्या कडेला हिरवट डाग होता. नामदेवभाऊंच्या खिशातला.

पुढच्या रविवारी मी परत आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात. मी घडी तुमच्या पांघरुणावर ठेवली. तुम्ही ती उचलली नाहीत. खिडकीकडे पाहिलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. सुटल्यासारखं. जड पोतं उतरवून भिंतीला टेकावं तसं.

“आता तुले माहीत आहे,” तुम्ही म्हणालात. “लय हलकं वाटून राह्यलं.”

मी विचारलं, “नामदेवभाऊंना सांगितलं?”

“तू वाचलं ना ते पुस्तक. तोही खुनाचं आधी त्या एका भरवशाच्या पोरीलेच सांगते.”

“आधी,” मी म्हटलं. “अन् मग?”

मामी चहा घेऊन आली. तुम्ही कप घेतलात, फुंकर घातलीत. घडी मी उचलून पर्समध्ये ठेवली, मामीच्या नजरेस पडू नये म्हणून. बघा, तुमच्यासाठी मी तेवढंही केलं. तो प्रश्न तसाच राहिला, त्या दुसऱ्या बाईच्या प्रश्नासारखा. माझ्या प्रत्येक प्रश्नाच्या वेळी तुमच्याकडे कोणीतरी यायचंच.

तुम्ही मलाच का सांगितलंत, हे मला जीपमध्येच कळलं होतं. माझ्यावर विश्वास म्हणून नाही. पाहुण्यांसमोर तुम्ही माझी ओळखच अशी करून द्यायचात, “आमची मुकी. पोटात सगळं ठेवते.” तुम्हाला कबुली द्यायची होती आणि ती कुठं पोचूही द्यायची नव्हती. अशी जागा तुम्ही आधीच तयार ठेवली होती, खोक्यांच्या आडोशाला. त्या पुस्तकातला तुमचा विद्यार्थी निदान चौकापर्यंत चालत गेला. दारव्ह्याचा चौक तुमच्या दुकानापासून केवढा लांब होता?

दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात. चहा येण्याच्या आत.

मी रडले, मामा. हे तुम्हाला सांगायला नको वाटतं, पण रडले. दुकानात जाऊन माझी खुर्ची बघितली, तिच्यावर बियाण्याची रिकामी खोकी रचलेली होती. तुम्ही पान उलटताना बोटाला थुंकी लावायचात, ते आठवलं. माझी मराठी पहिल्यांदा न अडखळता निघाली तेव्हा तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना गूळ-शेंगदाणे वाटले होते, तेही आठवलं. तुच्छता वाटते त्या माणसासाठी रडू येणं, हे कोणत्या भाषेत नीट सांगता येतं ते मला माहीत नाही.

मग सभा. वंदना झाली, सगळ्यांबरोबर मीही पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन या ओळीला, मांडवातले दोन-अडीचशे लोक एका सुरात म्हणत होते आणि माझे ओठ नुसते हलले. पर्समध्ये ती घडी होती. का आणली होती, ते मी अजून ठरवलं नव्हतं. मामी पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती. तिला काही माहीत नाही, आणि तिचं उरलेलं सगळं आयुष्य या गावात, या लोकांत जायचं आहे. मी तोंड उघडलं तर तिच्याकडून तिचा पुण्यवान नवरा जाणार होता. नाही उघडलं तर नामदेवभाऊ मरेपर्यंत स्वतःलाच दोषी धरणार होते. या दोन माणसांना तुम्ही माझ्या दोन हातांत दिलंत आणि चहा मागवलात.

बोलणारे बोलत होते. मग सूत्रसंचालन करणारे तुमचे मास्तर मित्र म्हणाले की आता एक माणूस आपणहून दोन शब्द सांगणार आहे. शेवंतावहिनीनं नामदेवभाऊंना दंडाला धरून पुढं आणलं. माइक त्यांच्या हातात दिला. ते आधी चुकीच्या दिशेला, मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभे राहिले. कोणीतरी त्यांना वळवलं.

“मले बोलता येत नाही,” ते म्हणाले. “पण दादानं मले कधी टाकलं नाही. चूक माही होती. त्यायनं एक लिहिलं, मी दोन टाकले. दुसरा असता तं म्हणला असता, मर. यायनं जवारी पाठवली. मी यायच्या पाया पडायले आलो.”

आणि ते गुडघ्यांवर बसले. टेबल कुठं आहे ते त्यांना कळेना, म्हणून हात पुढं करून चाचपडत त्यांनी तिथंच, सतरंजीवर, तुमच्या फोटोच्या दिशेनं कपाळ टेकवलं. मांडवात कोणी नाक ओढलं. माझ्या मागची बाई म्हणाली, “बघा.”

तुम्हाला आवडलं असतं ते दृश्य. अगदी तुमच्या पानासारखं. फक्त माणूस चुकीचा होता.

मग मास्तरांनी माझं नाव घेतलं. मामांसोबत पुस्तकं वाचणारी भाची, म्हणाले, फार अबोल आहे, पण आज बोलेल. लोक माझ्याकडे वळले, सगळेच्या सगळे, ज्या गोष्टीला मी जन्मभर भ्यायले ती एका क्षणात घडली. आईनं माझ्या कानाशी सांगितलं, चांगले होते एवढं म्हण आणि बस. मी उठले. कूलरच्या वायरवरून पाय जपून टाकला. पर्समधून घडी काढली आणि टेबलाशी गेले.

नामदेवभाऊ अजून सतरंजीवरच बसले होते. माइक त्यांच्या हातात होता. तो मी घेतला नाही. मी त्यांच्यासमोर खाली बसले, घडी त्यांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. त्यांनी अंगठ्यानं कागद चाचपला आणि मान आवाज येईल त्या दिशेला केली. आवाज अजून आला नव्हता. माइक आमच्या दोघांच्या मध्ये चालूच होता, म्हणून जे मी बोलले ते मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं, मामीपर्यंत गेलं, आणि तुमच्यापर्यंत काही जात असेल तर तुमच्यापर्यंतही.

“नामदेवभाऊ, ही तुमची चिठ्ठी आहे. हिच्यावर दोनच लिहिलं आहे. झाकण मोठं आहे, असं तुम्ही म्हटलं होतं. मामांनी बघितलं नाही. मी तिथंच बसली होती, मला दिसलं होतं, अन् मी बोलली नाही.”